हिशेब कुणी मागायचा?

१९७२ च्या दुष्काळात मी चार वर्षांचा होतो. त्या वर्षाची माझी स्वतःची अशी आठवण एकच, सुकडीच्या वासाची. बाकी सारे अम्माने सांगितलेले. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाजवळ रस्त्याचे काम निघाले होते. अम्मा तिथे खडी फोडायला जायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. रोज कामावरून आली की चुलीतला एक कोळसा उचलायची आणि घराच्या भिंतीवर एक रेघ ओढायची. पगाराच्या दिवशी तिने रेघा मोजल्या. त्या बारा भरल्या. मुकादमाने मात्र दहा दिवसांचे पैसे हातावर ठेवले.

अम्माने विचारले, "बारा रोजांचे दहा कसे झाले?"

मुकादमाने मस्टर तिच्यापुढे धरले. म्हणाला, "हे बघ, लिहिलंय ते. वाच की."

अम्माने अंगठा उठवला आणि घरी आली.

ही तक्रार म्हणून सांगत नाही. त्या मुकादमाचे नावही अम्माला पुढे आठवत नव्हते. पण एक गोष्ट तिला शेवटपर्यंत कळली नाही आणि ती मला अजूनही सतावते. त्या मस्टरवर तिच्या नावापुढे दहा हजेऱ्या होत्या की बारा? दहा असतील, तर तिची दोन दिवसांची मेहनत फुकट गेली. बारा असतील, तर दोन दिवसांचे पैसे वाटेत कुणाच्या तरी खिशात गेले. दुसऱ्या प्रकारात गंमत अशी, की सरकारदरबारी हिशेब अगदी चोख जुळला असणार. बारा दिवस काम, बारा दिवसांचा खर्च, खाली मजुराचा अंगठा. कोणत्याही तपासनिसाने त्यावर बरोबरची खूण केली असती.

देशाच्या विकास योजनांवर आजवर जो पैसा खर्च झाला, त्याच्या देखरेखीचा इतिहास मी वाचू लागलो तो या एका कोड्यापायी. मी कवितेच्या वाटेने चालणारा माणूस, आकड्यांशी माझे फारसे सख्य नाही. शब्दांशी आहे. आणि शब्दांकडे पाहिले तर हा विषय आपल्या घरचाच निघतो. हिशेब, हजेरी, मजूर, मुकादम, खर्च, जमा, वसूल हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. फडणीस हा शब्दही तसाच. फर्दनवीस म्हणजे हिशेबाची फर्द लिहिणारा. आमच्या घरात हिसाब या शब्दाला आणखी एक वजन होते. कयामतच्या दिवशी प्रत्येकाला आपल्या कर्माचा हिसाब द्यावा लागणार, असे अम्मा सांगायची. तो दिवस येईल तेव्हा येईल, पण या जगातला हिशेब कुणी, कुणाला आणि कधी मागायचा, हे स्वतंत्र भारताला ठरवायचे होते.

दिल्लीतला पहारेकरी

संविधान सभेत ३० मे १९४९ रोजी महालेखापालांच्या पदावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वेळी स्पष्ट मत मांडले, की हा अधिकारी संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. त्याचे काम न्यायसंस्थेच्या कामाहूनही अधिक महत्त्वाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. संसदेने मंजूर केलेला पैसा मंजुरीप्रमाणेच खर्च होतो की नाही, हे पाहणारा माणूस सरकारच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये, ही त्यामागची दृष्टी. संविधानाच्या १४८ ते १५१ या अनुच्छेदांत नियंत्रक व महालेखापाल हे पद आले ते असे.

हा पहारेकरी नेमला गेला आणि त्याच सुमारास पैशाचा ओघही प्रचंड वाढणार होता. मार्च १९५० मध्ये नियोजन आयोगाची स्थापना झाली. पहिली पंचवार्षिक योजना १९५१ ते १९५६ या काळाची. तिच्यासाठी सुरुवातीला २,०६९ कोटी रुपयांचा आराखडा होता. दुसऱ्या योजनेत सरकारी क्षेत्राचा आराखडा ४,८०० कोटींवर गेला. धरणे, पोलाद कारखाने, रस्ते, रेल्वे, शेती. नव्या देशाने आपली सारी उमेद या आकड्यांत ओतली होती.

आणि पहिल्याच वर्षी देखरेखीचा पहिला वाद झाला. तेव्हाचे अर्थमंत्री जॉन मथाई यांना नियोजन आयोगाची रचना मान्य नव्हती. मंत्रिमंडळाला समांतर असे दुसरे मंत्रिमंडळ उभे राहील आणि तिजोरीवरचा अर्थखात्याचा लगाम सैल होईल, अशी त्यांना भीती होती. १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मतभेदाची इतरही कारणे होती, पण हे एक मोठे कारण होते. त्यांच्या जागी अर्थमंत्री झाले ते आपले रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख. देशमुख नियोजन आयोगाचे सदस्यही होते. पैसा देणारा आणि योजना आखणारा एकाच टेबलावर बसला, तर कामे वेगाने होतात हे खरे. पण 'थांबा, हा खर्च कशाला?' असे विचारणारा मग बाहेरूनच यावा लागतो.

तो बाहेरचा माणूस म्हणजे संसद. लोकलेखा समिती इंग्रजांच्या काळापासून, १९२१ पासून होती. पण तिचे अध्यक्षपद तेव्हा सरकारच्या वित्त सदस्याकडेच असे. ज्याने खर्च करायचा त्यानेच तपासायचा, असा तो कारभार. १९५० नंतर ही समिती संसदेची झाली. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याचा पायंडा पडला आणि मिनू मसानी हे तसे पहिले अध्यक्ष झाले. एप्रिल १९५० मध्ये अंदाज समितीही अस्तित्वात आली. तेव्हा संसदेच्या अध्यक्षस्थानी होते गणेश वासुदेव मावळंकर, अहमदाबादेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले. संसदीय समित्यांची घडी बसवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

या समित्यांना कामही लगेच मिळाले. ओरिसातल्या महानदीवर हिराकुड धरणाचे काम चालू होते. पंडित नेहरूंनी एप्रिल १९४८ मध्ये त्याच्या काँक्रीटच्या कामाचा प्रारंभ केला आणि जानेवारी १९५७ मध्ये त्याचे उद्घाटन केले. मधल्या काळात खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीच्या घरात गेला. १९५२-५३ मध्ये लोकलेखा समितीने या प्रकल्पाच्या कारभारावर स्वतंत्र अहवाल दिला. नव्या भारताच्या 'मंदिरां'पैकी एकाचा हिशेब भर संसदेत मागितला गेला, आणि मागणारे बहुसंख्य सदस्य सत्ताधारी पक्षाचेच होते. त्या पिढीची ही बाजू आपण विसरता कामा नये.

या देखरेखीची पद्धत साधी आहे. महालेखापालांची माणसे कचेऱ्यांत जाऊन कागद तपासतात. मंजुरी आहे का, निविदा आहे का, मोजमाप पुस्तिका आहे का, मस्टर आहे का, सही किंवा अंगठा आहे का. त्यांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेत येतो. लोकलेखा समिती त्यातले मुद्दे निवडते, खात्याच्या सचिवांना बोलावून जाब विचारते, शिफारशी करते. मग खाते त्यावर काय केले ते कळवते. यात दोन-तीन वर्षे सहज जातात. पण या पद्धतीचा धाकही मोठा आहे. हा धाक नसता तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

मात्र या पहारेकऱ्याचा प्रश्न एकच आहे: खर्च नियमाने झाला का? कागद कागदाशी जुळला की त्याचे समाधान होते. अम्माची भिंत त्याच्या तपासणीत कुठेच येत नव्हती.

कर्व्यांचा प्रश्न

याहून वेगळा, दुसरा प्रश्न विचारणारा माणूस पुण्याचा होता. प्रा. दत्तात्रेय गोपाळ कर्वे हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि पुण्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. २ ऑक्टोबर १९५२ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, देशात ५५ ठिकाणी सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले. एकेका प्रकल्पात साधारण तीनशे गावे. विहिरी, रस्ते, शाळा, सुधारित बियाणे, गुरांचे दवाखाने अशी सगळी कामे एकत्र करायची आणि गावकऱ्यांनी श्रमदानाने हात लावायचा, अशी कल्पना. आपल्याकडे ग्रामसेवक, बी. डी. ओ. हे शब्द रूढ झाले त्याची मुळे याच काळात आहेत.

या प्रकल्पांबरोबरच नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली आणि तिची सूत्रे कर्व्यांकडे दिली. सरकारने आपल्याच कामाचे दोष शोधायला एक स्वतंत्र यंत्रणा उभारावी आणि तिचे अहवाल छापून लोकांपुढे ठेवावेत, ही गोष्ट त्या काळी जगातही फारशी कुठे दिसत नव्हती. या संघटनेची माणसे गावात जाऊन राहत. त्यांचा प्रश्न होता: पैसा नियमाने खर्च झाला हे ठीक, पण त्याचा उपयोग कुणाला झाला?

उत्तर गोड नव्हते. गावकऱ्यांचा सहभाग मुख्यतः रस्ते, शाळा अशा बांधकामांपुरता आहे. बियाणे, खते, कर्ज यांचा लाभ प्रामुख्याने बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्यांना मिळतो. भूमिहीन मजूर आणि कारागीर यांच्यापर्यंत फारसे काही पोचत नाही, असे या अहवालांतून पुढे येत गेले. श्रमदानात घाम गाळणारा एक आणि पिकाला पाणी मिळणारा दुसरा, असे चित्र होते.

१९५७ मध्ये बलवंतराय मेहता यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने आणखी पुढचे सांगितले. लोकांच्या हाती अधिकार दिल्याशिवाय हा कार्यक्रम लोकांचा होणार नाही. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातल्या नागौरमध्ये पंचायत राज्याचा प्रारंभ झाला. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यांचे दौरे करून हिशेब विचारू लागली. दिल्लीचा पैसा जिल्ह्याच्या गावाला आला आणि त्यावर नजर ठेवणाराही जवळ आला.

पण जवळ येण्याचे तोटेही असतात. तालुक्याच्या ठिकाणी काम मंजूर करणारा, काम घेणारा आणि कामावर देखरेख ठेवणारा यांची सकाळ-संध्याकाळ एकाच हॉटेलात चहाला गाठ पडते. तिथे 'थांबा, हा खर्च कशाला?' असे कोण कुणाला विचारणार?

कर्व्यांचा प्रश्न मात्र जुना झाला नाही. महाराष्ट्रात धरणांच्या खर्चावरून वाद पेटला तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. एवढे कोटी गेले, तर पाणी किती शेतांत पोचले? २०१२ मध्ये राज्य सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली आणि जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमावे लागले. साठ वर्षांनंतरही उपयोग कुणाला झाला हे विचारायला आपल्याला खास पथक लागते.

शहराचा कर, खेड्याचे काम

आता पुन्हा अम्माच्या रस्त्याकडे येऊ. ज्या योजनेच्या विचारातून दुष्काळात लाखो हातांना काम देता आले, तिचे जनक वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, संतसाहित्याचे अभ्यासक आणि अनेक वर्षे विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम हा विचार त्यांनी मांडला. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला आणि १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर स्वीकारली गेली. तेवढ्यात दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात, कामे ऐन भरात असताना, राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी. घराघरांत अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी.

दुष्काळ सरल्यावर पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न होता. महाराष्ट्राने त्याचे उत्तर असे शोधले, की देशाने पाहत राहावे. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. शहरातला नोकरदार आणि व्यावसायिक जो कर देईल, तो रोजगार हमीच्या निधीत जायचा आणि तितकीच भर राज्य सरकारने घालायची. तुमच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात ना, ती त्या दुष्काळाची आठवण आहे. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा हक्क झाला. पुढे सगळ्या देशाने त्यावरून धडा घेतला.

या योजनेवर देखरेख कमी नव्हती. विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी योजना समिती होती. दक्षता पथके होती. मोजमापाची पद्धतही पारखून घेतलेली. माती खोदताना मधे मातीचा एक खांब तसाच उभा ठेवायचा. खड्डा किती खोल गेला ते त्या खांबाच्या उंचीवरून मोजायचे. तो खांब म्हणजे कामाचा साक्षीदार. अभियंता यायचा, टेप लावायचा, पुस्तिकेत आकडा लिहायचा आणि मग खांब पाडायचे.

तरीही 'खोटे मस्टर' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला. मयत माणसाचे नाव, परगावी गेलेल्याचे नाव, एकच माणूस दोन कामांवर हजर. कधी काम खरे आणि माणसे खोटी, कधी माणसे खरी आणि दिवस खोटे. शहरातला कारकून ज्या हातांसाठी कर भरत होता, त्या हातांपर्यंत पूर्ण पैसा पोचतो का, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. आणि ज्या हातांना ते माहीत होते, त्यांना मस्टर वाचता येत नव्हते.

१९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी ओरिसातल्या कालाहंडीच्या दौऱ्यानंतर म्हणाले, की रुपयातले पंधराच पैसे गरिबापर्यंत पोचतात. हे वाक्य गावोगावच्या व्यासपीठांवर पाठ झाले. पण उरलेले पंच्याऐंशी पैसे नेमके कोणत्या वळणावर उतरले, हे कोणत्याही व्यासपीठावरून कुणी सांगितले नाही. त्यातले काही पैसे कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, कुणाच्या नावावर उतरले, ते गावच्या कचेरीतल्या कपाटात लिहिलेले होते. फक्त कपाटाला कुलूप होते आणि आतला कागद 'सरकारी' होता.

चावडीवरचे वाचन

ते कुलूप उघडायला लावणारी माणसे राजस्थानच्या कोरड्या टापूतली होती. अरुणा रॉय यांनी १९७५ मध्ये सनदी नोकरी सोडली होती. १९८७ मध्ये त्या निखिल डे आणि शंकर सिंह यांच्यासह राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी गावात राहायला गेल्या. १ मे १९९० रोजी तिथे मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. सुरुवातीची मागणी अगदी साधी होती. सरकारी कामावर कायद्याने ठरलेली किमान मजुरी द्या. अधिकारी म्हणत, तुम्ही कामच तेवढे केले नाही, मस्टर पाहा. मजूर म्हणत, मग दाखवा मस्टर. अधिकारी म्हणत, तो सरकारी कागद आहे.

अम्माला मस्टर दाखवले होते, कारण तिला वाचता येत नव्हते. इथे वाचू शकणारी माणसे पुढे आली, तर मस्टरच दिसेना.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मिळतील ते कागद मिळवून गावासमोर मोठ्याने वाचले गेले. त्या नि पुढच्या जनसुनवायांत काय निघाले? कामावर कधीच न गेलेल्यांची नावे, गाव सोडून गेलेल्यांच्या हजेऱ्या, मेलेल्यांनी उचललेली मजुरी, ज्या इमारतीला छप्परच नाही तिच्या छपराचा खर्च. ऐकणारे जागेवरून उठून सांगत होते, 'हे माझे नाव, पण मी त्या कामावर गेलोच नाही.' जे तपासनिसाला दोन वर्षांत सापडले नसते, ते गावाला एका दुपारी सापडत होते. कारण गावाकडे कागदाशी ताडून पाहायला दुसरा कागद नव्हता, तर डोळ्यांनी पाहिलेले काम होते.

म्हणजे देखरेखीच्या इतिहासात हा तिसरा प्रश्न आला. खर्च नियमाने झाला का, हा पहिला. उपयोग कुणाला झाला, हा दुसरा. आणि 'माझ्या नावावर काय लिहिले आहे?' हा तिसरा. अम्माच्या भिंतीवरचा प्रश्न हाच होता. ज्याने काम केले तो स्वतःच तपासनीस झाला.

एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर शहरात या लोकांनी चाळीस दिवस धरणे धरले. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा. पुढची वाट आपल्या परिचयाची आहे. राज्याराज्यांत माहितीच्या अधिकाराचे कायदे झाले. महाराष्ट्रात त्यासाठी अण्णा हजारे यांनी उपोषणे केली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदाही झाला आणि त्याच्या १७ व्या कलमाने ग्रामसभेला कामांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार दिला. आंध्र प्रदेशात तर गावातल्याच शिकलेल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवले गेले. ते मस्टर घेऊन दारात जात आणि विचारत, 'तुमच्या नावावर एवढे दिवस आहेत, बरोबर का?'

२०११ मध्ये केंद्र सरकारने या सामाजिक अंकेक्षणाचे नियम नियंत्रक व महालेखापालांच्या सल्ल्याने तयार केले. मला ही घटना फार मोलाची वाटते. बाबासाहेबांनी ज्या अधिकाऱ्याला एवढे मोठे मानले, तो अधिकारी आणि खडी फोडणारी बाई, दोघे एका कागदावर आले. बासष्ट वर्षे लागली.

अंगठा गेला, फोटो आला

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. चोरी सापडणे आणि पैसा परत येणे यांत मात्र मोठे अंतर निघाले. २०१७-१८ ते २०२०-२१ या चार वर्षांत देशभरच्या सामाजिक अंकेक्षणांतून रोजगार हमीत सुमारे ९३५ कोटी रुपयांचा गैरव्यवहार नोंदला गेला. त्यांपैकी वसूल झाले सुमारे साडेबारा कोटी. शंभरातला एक रुपया आणि वर काही पैसे. गावाने चोर दाखवला, पण चोराला पकडण्याचा अधिकार गावाकडे नव्हता. ज्यांच्याकडे होता, त्यांना घाई नव्हती.

मग यंत्रावर भरवसा टाकला गेला. मजुरी थेट बँक खात्यात जाऊ लागली. त्याने मुकादमाचा हात पैशापासून दूर झाला, हे मान्य केलेच पाहिजे. १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरच्या ॲपमधून मजुरांचे फोटो घेऊन हजेरी लावणे सक्तीचे झाले. पण जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले, की या ॲपचा गैरवापर होतो आहे. कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात होते, काही ठिकाणी तर जुन्या फोटोचाच फोटो काढून हजेरी लागत होती. खोटे मस्टर मेले नव्हते, त्याने नवे कपडे घातले होते. आणि जिथे नेटवर्क नव्हते, तिथे दिवसभर खरे राबलेल्या बाईची हजेरीच लागत नव्हती. तिच्या भिंतीवर रेघ आहे, मोबाइलवर नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. नियोजन आयोगाच्या जागी २०१५ मध्ये नीती आयोग आला, पंचवार्षिक योजनाही २०१७ मध्ये संपल्या. योजनांची नावे बदलतात, दिवसांची आणि पैशांची गणिते बदलतात. त्यांवर मते वेगवेगळी असतील आणि असावीत. पण नाव कोणतेही असो, कामाच्या शेवटच्या टोकाला एक यादी असतेच. त्या यादीत माणसांची नावे असतात. ती यादी मोठ्याने वाचली जाते की नाही, यावर बाकी सारे अवलंबून आहे.

महालेखापाल हवेतच, संसदेच्या समित्या हव्यात, कर्व्यांसारखे स्वतःच्या सरकारला कडू सत्य सांगणारे प्राध्यापक हवेत. या साऱ्यांनी मिळून मोठमोठ्या रकमांवर नजर ठेवली. पण दोन दिवसांच्या मजुरीइतकी लहान रक्कम त्यांच्या चाळणीतून खाली पडते. आणि अशा लहान रकमांचीच गोणी भरते. ती चाळणी गावाच्या हाती असावी लागते.

२००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, तेव्हा अम्मा थकली होती, पण कान तल्लख होते. मी मोठ्या उत्साहाने तिला सांगितले, "अम्मा, आता दहा रुपयांचा अर्ज केला की मस्टर बघायला मिळतं. कुणालाही." तिने सगळे ऐकून घेतले. ज्या भिंतीवर तिने रेघा ओढल्या होत्या, ती भिंत कितीतरी ईदांना पांढऱ्या मातीने सारवून झाली होती. तिकडे पाहत ती एवढेच म्हणाली, "मिलेगा तो सही. पन पढके कौन सुनाएगा रे?"

तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. झेंडावंदन होते, चहा होतो, सह्या होतात आणि माणसे पांगतात. हा मजकूर वाचणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाचे कुठेतरी एक गाव आहे आणि आपल्या सर्वांना वाचता येते. पुढच्या ग्रामसभेला गावी गेलात, तर सह्या होण्याआधी उभे राहा आणि एवढेच म्हणा, "कामांची यादी आणि मजुरांची नावे वाचून दाखवा." कुणी वाचणार नसेल, तर कागद हातात घ्या आणि स्वतः वाचा. मागच्या रांगेत कोळशाच्या रेघा मोजत बसलेली कुणीतरी ऐकत असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)